बिरारींच्या इंजिनाची पाटी

"मग सांगा ना, कुठे चुकलं?"

"चुकलं असं मी म्हटलं नाही."

"पण सही करत नाही."

"सही करत नाही, एवढंच म्हटलं."

श्रीरंग चिंचोरेनं कागद पुन्हा खाटेवर ठेवला. मथाक्कांनी तो पुन्हा एका बोटानं सरकवला. सकाळपासून चौथ्यांदा.

कागदावर एकच ओळ होती. कौतिकराव बिरारी यांच्या मळ्यातलं पेट्रोल इंजिन, तीन घोड्यांचं, सन एकोणीसशे सव्वीस. खाली दोन सह्यांची जागा. एक भरलेली, श्रीरंगची. ठसठशीत, खाली दोन टिंबं दिलेली.

शेडच्या दारात टेम्पो उभा होता. त्यात ते इंजिन दोरखंडानं आवळून ठेवलं होतं. टेम्पोच्या अंगाला फलक बांधलेला. कौतिकरावांच्या वडिलांचा, मोतीरामभाऊंचा, फेटा बांधलेला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'जिल्ह्यातलं सर्वांत जुनं इंजिन.' दुपारपर्यंत नाशिकच्या प्रदर्शनात पोचायचं होतं. आक्कांच्या सहीचा कागद असल्याशिवाय तिथे साल लावत नाहीत.

मथाक्का तांबट ऐंशीच्या पुढे. सटाण्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड. शाळा तिसरीपर्यंत. नवरा भांड्यांना ठोके द्यायचा, तो गेल्यावर त्यांनी भांडी सोडून इंजिनं धरली. विहिरीवर बसून पाणी उपसणारी, गिरणी फिरवणारी, शेंगा फोडणारी, वीज येण्याआधीची जुनी इंजिनं. खोलायची, पुसायची, परत जोडायची. इंग्रजी अक्षरं त्यांनी पितळी पाट्यांवरून गिरवली. कुणी शिकवलं असं विचारलं, तर म्हणायच्या, "कुणाची छाती होती?"

इंजिन कुठल्या घराण्याचं, म्हणजे कुठल्या कंपनीचं, आणि कुठल्या सालचं, हे त्या सांगत. अर्ध्या पानावर लिहून, सही करून देत. असे तीनशे कागद बाहेर होते. पुण्या-कोल्हापूरचे शौकीन तो कागद काचेत घालून भिंतीला लावत.

आणि श्रीरंग, डिप्लोमा झालेला, नोकरी सोडून आलेला. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होता.

पहिल्याच दिवशी आक्का त्याला म्हणाल्या होत्या, "ज्या दिवशी इंजिनाला हात न लावता मी तुझ्या कागदावर सही करीन, त्या दिवशी तू सुटलास. पुढे माझी सही नको."

सहा वर्षांत ते घडलं नव्हतं. दर वेळी आक्का उठायच्या, इंजिनावर हात फिरवायच्या, आणि मग कागदावर काहीतरी खोडायच्या.

आज त्या उठल्याच नव्हत्या.

म्हणून तर श्रीरंग पेटला होता.

"तुम्ही टेम्पोपर्यंत आलासुद्धा नाहीत."

"नाही आले."

"हात लावला नाहीत."

"नाही लावला."

"म्हणजे बघायची गरज वाटली नाही. म्हणजे माझं बरोबर आहे."

"म्हणजे बघायची गरज वाटली नाही. पुढचं तू घातलंस."

कौतिकराव टेम्पोच्या सावलीत उकिडवे बसले होते. साठीचे, कांद्याच्या व्यवहारात मुरलेले. त्यांना भांडणं कळत, इंजिनं नाही.

"आक्का," ते म्हणाले, "पोरानं तीन दिवस मळ्यात काढले. इंजिनाखाली झोपून बघितलं त्यानं."

"झोपून काय दिसतं? पोट."

"आक्का!" श्रीरंगचा आवाज चढला. "परीक्षा घ्या. विचारा. जिथे अडखळेन तिथे कागद फाडा."

आक्कांनी पाय वर घेतले. मांडी घातली.

"आकडा?"

"पाटीवरचा नंबर कंपनीच्या नंबरांच्या वहीत सव्वीस सालात बसतो. पंचवीसला संपतो कुठे आणि सत्तावीसला सुरू होतो कुठे, दोन्ही बघितलं."

"पाटीवर सालं कोरलेली आहेत, ती?"

"ती पेटंटची. त्यावरून एवढंच कळतं, की इंजिन त्याच्या आधीचं नाही."

ही चूक त्यानं पहिल्या वर्षी केली होती. पेटंटचं साल वाचून एका गिरणीचं इंजिन बारा वर्षांनी म्हातारं केलं होतं. आक्का तेव्हा म्हणाल्या होत्या, "आजोबाच्या लग्नाचं साल सांगून तुझं वय निघतं का रे?" आणि पंधरा दिवस त्याच्याकडून नुसती काजळी खरवडून घेतली होती.

"ओतकामातले आकडे?"

"भागांचे नंबर. सालाशी संबंध नाही."

"मॅग्नेटो?"

"नंतरचा. ठिणगी बिघडली असेल, कुणीतरी बदललाय. पुराव्यात धरला नाही."

"पाण्याची टाकी?"

"ओठाला गोलाई आहे. या घराण्यात ती सव्वीसच्या सुमाराला आली. पण सुमार म्हणजे साल नव्हे. साल पाटीवरून."

आक्कांनी मान हलवली. वाईट नव्हतं. कौतिकरावांनासुद्धा कळलं, की वाईट नव्हतं.

"पाटी याच इंजिनाची कशावरून?"

श्रीरंग हसला. या प्रश्नाची तो वाट बघत होता. पाटी चार रिबिटांची वस्तू, ती एका इंजिनावरून काढून दुसऱ्यावर ठोकायला किती वेळ लागतो? म्हणून शिकाऊ माणूस पाटी वाचतो आणि शिकलेला माणूस रिबिटं वाचतो. हेही आक्कांचंच.

"पाटीच्या कडेखाली काळी रेघ आहे. वर्षानुवर्षं तेल मुरलेली. नख घालून बघितली, निघत नाही. रिबिटं पितळी, पार काळवंडलेली. आणि डोकी कललेली."

"मग?"

"मग काय? डोकं सरळ गोल असेल, तर ते आजच्या मशीनचं. कललं असेल, तर त्या काळच्या माणसानं हातोडीनं बसवलेलं. सरळ ते खोटं, कललेलं ते खरं. वाक्य तुमचं आहे आक्का."

"माझंच."

"मग करा सही."

टेम्पोच्या टपावर एक कावळा येऊन बसला, कौतिकरावांनी त्याला हात करून उडवला…

"कुठल्या अंगाला कललेलं?"

"काय?"

"डोकं. कुठल्या अंगाला?"

तीन दिवस त्या पाटीपुढे बसलेला माणूस उठला आणि टेम्पोवर चढला. वाकला. उतरला.

"उजवीकडे. चारही."

"आत भिंतीपाशी कळवणच्या गिरणीचं इंजिन आहे. त्याच घराण्याचं. बघून ये."

तो आत गेला. परत यायला त्याला जरा वेळ लागला.

"डावीकडे."

"त्याच्या पलीकडचं?"

"तेही बघितलं. डावीकडे."

…

"दुसरा कामगार असेल," श्रीरंग म्हणाला.

"असेल."

"डावरा असेल."

"असेल."

"एवढ्या मोठ्या कारखान्यात एखादा डावरा नसतो का?"

"असतो की."

"मग अडलं कुठे? तुम्ही नुसतं असेल असेल म्हणता! मला शेंडीला धरून नाचवायचंय का तुम्हाला? तुम्हाला मला सोडायचंच नाही. शिष्य सुटला की गुरूला विचारतं कोण, ही भीती आहे तुम्हाला. बोलतो स्पष्ट. सहा वर्षं झाली."

कौतिकराव उठून उभे राहिले. म्हातारी आता याला बाहेर काढणार असं त्यांना वाटलं.

आक्का म्हणाल्या, "हातोडी दे. लहान. आणि एक पितळी रिबीट."

त्यानं फळीवरून दोन्ही काढून आणलं. रागानं आणलं, पण आणलं. हातोडी त्यांच्या पुढे धरली.

आक्कांनी ती डाव्या हातात घेतली.

पत्र्याचा एक तुकडा होता, भोक पाडलेला. तो त्यांनी ऐरणीवर ठेवला, रिबीट घातलं आणि चार टोले दिले. ऐंशीच्या पुढच्या बाईचे टोले, पण एकही वाया गेला नाही. मग थांबून, डोक्याच्या कडेला, अगदी हलका असा पाचवा. जेवण झाल्यावर पाटावरून उठताना माणूस भुईला हात टेकतो, तसा.

तुकडा त्यांनी श्रीरंगच्या हातात दिला.

डोकं उजवीकडे कललं होतं. आणि कडेला, पाचव्या टोल्याची, तांदळाच्या दाण्याएवढी सपाट खूण.

श्रीरंगनं ती खूण ओळखली. ओळखणारच. त्याच्या वहीत ती होती. तीन दिवसांत त्यानं ती भिंगातून पाहून, पेन्सिलीनं मोठी करून काढली होती, आणि खाली लिहिलं होतं: कारखान्याची खूण, चारही रिबिटांवर.

तो खाली बसला. भुईवरच.

…

"कधी?" त्यानं विचारलं.

"बहात्तरचा दुष्काळ झाला, त्यानंतर दुसऱ्या वर्षी."

"काय कधी?" कौतिकराव म्हणाले. "कुणी मला सांगेल का?"

"तुमच्या इंजिनाची पाटी मी ठोकली आहे कौतिकराव. ती दुसऱ्याच इंजिनाची आहे."

"आँ?"

"मूळची हरवलेली होती. त्या वर्षी मी तुमच्या विहिरीवर आले होते. टाकीचा ओठ बघून म्हटलं, सव्वीस सालचं. नाशिकचा एक साहेब तिथे आला होता, यंत्रांतला जाणकार. तो हसला. म्हणाला, बाई, पाटी कुठंय? पाटी नव्हती. पंधरा दिवसांनी तो परत येणार होता. आला तेव्हा पाटी होती."

"आणली कुठून?" श्रीरंगनं विचारलं.

"एक जळलेलं इंजिन भंगारात निघालं होतं. माझ्या सालात बसेल असा आकडा शोधत नऊ भंगारवाले पालथे घातले."

"आणि काळी रेघ?"

"करवंट्यांचा धूर, जळकं तेल. उरलेलं यांच्या घरानं केलं."

दर खंडेनवमीला बिरारींच्या घरचे त्या पाटीला तेलाचं बोट लावत, हळदकुंकू वाहत. पन्नास वर्षं. कडेखालची रेघ बरीचशी त्याचीच होती.

"आम्ही तिची पूजा करतो!" कौतिकराव ओरडले. "आमच्या आईनं तिच्यापुढे नारळ फोडलेत! माझ्या बापाला फसवलंत तुम्ही!"

"पाटी ठोकताना सरकू नये म्हणून धरली कुणी होती?"

"कुणी?"

"मोतीरामभाऊंनी. दोन्ही हातांनी. एक टोला अंगठ्यावर बसला तर मला शिवी दिली त्यांनी."

कौतिकरावांनी फलकावरच्या फोटोकडे बघितलं. मग दुसरीकडे बघितलं. मग खिशातून चुन्याची डबी काढली आणि नुसती हातात धरून ठेवली.

"आणि तो साहेब?" श्रीरंग.

"त्यानं टोपी काढली. चार लोकांत म्हणाला, बाईनं पाटी न बघता साल सांगितलं होतं. तेव्हापासून लोक माझ्याकडे यायला लागले."

"तेव्हापासून…"

"हो. तिथपासून."

श्रीरंगच्या हातात अजून तो पत्र्याचा तुकडा होता. त्यानं तो पालथा केला, सुलटा केला.

"तुम्ही मला शिकवलंत, कललेलं ते खरं. तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं."

"होतं."

"मग अर्धं का शिकवलंत?"

"सहा वर्षं हा हात तुझ्या पुढ्यात होता. चहा याच हातानं दिला. कान याच हातानं पिळला. झाकून ठेवला होता का मी?"

हात जे दाखवायचा ते त्यानं सगळं पाहिलं होतं. हात पाहिला नव्हता.

थोड्या वेळानं त्याचा चेहरा जरा उजळला. शिकलेल्या माणसाला फार वेळ गप्प बसवत नाही.

"पण आक्का, तुम्ही पाटीशिवाय सव्वीस म्हटलं होतं. टाकीवरून. म्हणजे साल खरं असू शकेल?"

"असू शकेल."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला तेव्हाही सव्वीस वाटलं होतं, आजही वाटतं."

"मग सव्वीसच लिहू! पाटी खोटी असेल, साल तर खरं आहे."

"सव्वीस मला वाटतं. तुला काय वाटतं ते मला कुठे ठाऊक आहे? तू तर पाटीवरून उतरवलंस."

…

श्रीरंगनं खिशातून पेन काढलं. कागदावरचं सव्वीस त्यानं एका रेघेनं खोडलं. बाजूला लिहिलं: साल निश्चित नाही. पाटी मूळची नाही.

आक्कांनी डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"अर्धंच आहे."

"पुरेसं आहे."

"पाटी मूळची नाही, तर मग कुणी ठोकली? कधी? एवढं एकच साल या इंजिनाबद्दल आपल्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तेवढंच तू लिहीत नाहीस."

"नाही लिहिणार."

"का?"

"तुमचं नाव येईल."

"येऊ दे."

"आक्का, नाही. सकाळी बोललो ते विसरा. रागात बोललो. पाय धरतो तुमचे, पण हे नको. असल्या ओळीत गुरूचं नाव मी घालणार नाही."

"असल्या म्हणजे कसल्या?"

"असल्या."

"शब्द नाही का त्याला?"

"आक्का…"

"बोल. डिप्लोमा झालाय तुझा."

"लबाडीच्या."

"आलं ना तोंडातून? आता हातातून येऊ दे."

तो लिहीना. आक्का उठेनात. कौतिकराव एकदा याच्याकडे बघत, एकदा आक्कांकडे. टेम्पोचा ड्रायव्हर येऊन विचारून गेला, निघायचं की माल उतरवायचा.

"मी एक सांगू का?" कौतिकराव म्हणाले. "मी फलक काढतो. इंजिन घरी नेतो. कुणाला काही कळायला नको. माझ्या बापाचंही त्यात आहेच की."

"बापाचा फोटो राहू द्या," आक्का म्हणाल्या. "खालची ओळ तेवढी झाका. इंजिन प्रदर्शनात जाईल. तुमच्या आठ एकरांना त्यानं दुष्काळात पाणी दिलंय, त्याला लाजायचं काय कारण?"

मग श्रीरंगकडे वळून म्हणाल्या, "तुझं सहा वर्षांचं काम काय होतं रे? खोटी पाटी ओळखणं. आज एक सापडली तर ठोकणारीची दया येते तुला?"

"मला सापडली नाही. तुम्ही दाखवलीत."

"मग तेही लिही."

श्रीरंगनं कागद मांडीवर घेतला. बराच वेळ लागला. अक्षर नेहमीसारखं नव्हतं, ओळ खाली उतरत गेली होती. त्यानं लिहिलं: सध्याची पाटी दुसऱ्या इंजिनाची असून ती सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये मथाबाई तांबट यांनी ठोकली. मला ती ओळखता आली नाही. त्यांनी स्वतः दाखवली.

"आण," आक्कांनी हात पुढे केला.

त्यानं कागद दिला नाही. छातीशी धरला.

"आक्का, एकदा विचार करा. प्रदर्शनात हा काचेत लागेल. दहा माणसं वाचतील, त्यातला एक फोटो काढून सगळीकडे पाठवील. संध्याकाळपर्यंत पुण्याला कळेल. तुमच्या सहीचे तीनशे कागद आहेत बाहेर. पन्नास वर्षांचे. ते सगळे खरे आहेत, मी स्वतः त्यातले कितीतरी पडताळलेत. ह्या एका कागदापायी त्या तीनशेंवर पाणी पडेल. उद्यापासून तुमच्या एकाही कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही."

आक्कांनी कागद त्याच्या हातातून काढून घेतला. खाटेच्या कडेवर ठेवून, इंजिनाला हात न लावताच, सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं, पाट्यांवरची असतात तसं. शाई वाळू दिली. मग तो कौतिकरावांच्या हातात दिला.

"मग तरी इंजिनाकडे बघतील."